सावित्रम्मांचा डावा कान

खोटं बोलायचं तर माणसानं थोडी तयारी करून बोलावं. हत्तुरे सरांनी ती केली नाही, आणि त्यापायी त्यांना पन्नास व्हायोलिनं, एक हलगी आणि चौदाव्या शतकातला एक संत एवढा संसार सांभाळावा लागला.

झालं होतं इतकंच की, मे महिन्यात एका दुपारी वीज गेली. पंखा थांबला म्हणून शिवयोगी हत्तुरे पाट घेऊन दाराच्या उंबऱ्याशी येऊन बसले. समोर जुळे सोलापूरचं ऊन, हातात निवलेला चहा, आणि अचानक दोन ओळी सुचल्या.

उंबऱ्याशी ऊन आलं, त्याला पाट दे गं
सावलीच्या भाकरीचा अर्धा काठ दे गं

वीज यायला वेळ लागला, म्हणून दोन ओळींची चार कडवी झाली. ती सरांनी बेतली होती सावित्रम्मांच्या चालीवर. सावित्रम्मा म्हणजे त्यांच्या पत्नी, मैंदर्गीकडच्या. भाकरी थापताना त्या आईची एक कानडी चाल गुणगुणत, शब्दांवाचून. सरांनी तिला शब्द दिले, एवढंच. यात लपवण्यासारखं खरं तर काहीच नव्हतं. पण सरांचं सगळं आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेलेलं. दुसऱ्यांची इतकी पुस्तकं हाताळलेल्या माणसाला आपलं लिहिणं म्हणजे कपाटात चुकीच्या जागी ठेवलेलं काहीतरी वाटतं. सावित्रम्मांनी कागद उचलून "हे काय री?" असं विचारलं (कानडीत नवऱ्याला 'री' म्हणतात, आपल्या 'अहो'सारखं), तेव्हा सर कुजबुजले, "एका जुन्या पोथीत सापडलं. कुण्या अज्ञात संताचं आहे."

ते नेहमीच कुजबुजत. ग्रंथालयातून निवृत्त झाले तरी आवाज निवृत्त झाला नव्हता, तो अजून तिथंच शांतता राखत बसला होता. आणि त्यांचा विचार साधा होता: गाणं पडलं तर संत पडेल.

गाणं पडलं नाही. सावित्रम्मांनी ते चालीवर म्हणून पाहिलं, डोळ्यांना पदर लावला, आणि दुसऱ्या दिवसापासून देवघरात अज्ञात संताच्या नावानं एक जास्तीची उदबत्ती लागू लागली. सर चहा पीत समोर बसून आपल्यालाच ओवाळलं जाताना बघत आणि त्यांना ठसका लागे.

"संतांनी ऐकलं बघा," सावित्रम्मा म्हणत.

असंच चाललं असतं तर संत आणि सर दोघेही सुखात राहिले असते. पण कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिक संघाचा वार्षिक कार्यक्रम जाहीर झाला. आजवर चुलीपलीकडे न गायलेल्या सावित्रम्मा सभेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी गाणार. तेच गाणं गाणार. त्या संतांचीच तशी इच्छा आहे."

संताला कोणी विचारलं नव्हतं.

संघाचे अध्यक्ष श्रीमंत बिराजदार. सगळे त्यांना श्रीमंत अण्णा म्हणत. वीज मंडळातून निवृत्त होताना त्यांनी सगळं काही सोडलं होतं, फक्त मंडळ चालवायची सवय सोडली नव्हती. ते म्हणाले, "वहिनी, गा की. पण आपला पेटीवाला पुण्याला मुलीकडं गेला, तबलेवाल्याचा गुडघा बदललाय. आता ट्रॅकवरच गायचं. सिनेमाच्या गाण्यांचे मायनस ट्रॅक आयते मिळतात. तुमच्या संताचा कुठनं मिळणार? करून घ्यावा लागेल."

"मायनस म्हंजी काय ओ?" बजाबाईंनी विचारलं. बजाबाई माढ्याकडच्या, शेजारच्याच घरात राहणाऱ्या, आणि कुठल्याही गोष्टीचं मूळ विचारल्याशिवाय न सोडणाऱ्या.

"त्यात नुसतं संगीत असतं. माणसाचा आवाज वजा केलेला असतो," अण्णांनी समजावलं.

"मंग आमच्या ह्यांचा बी एक करून आना की," बजाबाई म्हणाल्या.

ट्रॅक करून आणायचं काम सरांवर पडलं, कारण नाही म्हणायला जेवढा आवाज लागतो तेवढा त्यांच्याकडे नव्हता.

शहराच्या पूर्व भागात कुमार येमुल नावाच्या तरुणाचा स्टुडिओ होता. खाली त्याच्या मामांचे यंत्रमाग, वर एका खोलीत भिंतींना नाकारलेले टॉवेल ठोकून केलेला स्टुडिओ. कुमारच्या घरी तेलुगू, मागावर मराठी, गिऱ्हाइकाशी जे जमेल ते. माणूस फार गोड. अडचण एकच होती. वीज असली की खाली माग सुरू, खटाखट खटाखट, आणि वर सतारसुद्धा टॉवेल विणल्यासारखी वाजे. वीज गेली की खाली नंदनवनासारखी शांतता, पण वर स्टुडिओही बंद.

"मग तुम्ही रेकॉर्डिंग करता कधी?" सरांनी विचारलं.

"कामगार चहाला थांबतात की सर, तेव्हा. तेवढ्यात उरकायचं."

सोलापुरातला चहा म्हणजे दोन घोट. त्यात प्रस्तावनासुद्धा मावेना. शेवटी सावित्रम्मांनीच उपाय काढला. त्या कामगारांसाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन गेल्या. कडक भाकरी चावायला वेळ लागतो, त्यामुळे सुट्टी छान लांबली. मात्र पहिल्या दिवशीचं रेकॉर्डिंग ऐकलं तर मागं दहा जणांचा कुडुमकुडुम आवाज. कुमारला तो एकदम आवडला. "असला ठेका मशीनमध्ये नाय सर," तो म्हणाला.

इकडे कॉलनीत प्रत्येकाला त्या गाण्यात एकेक वाद्य ऐकू येऊ लागलं होतं. श्रीमंत अण्णा स्वतः स्टुडिओत आले. "मला पन्नास व्हायोलिनं पाहिजेत," ते म्हणाले. कुमारनं कीबोर्डवर एक बोट ठेवलं, पन्नास व्हायोलिनं आली. अण्णांना इतक्या सहज आलेली बघून जरा वाईट वाटलं, म्हणून ते म्हणाले, "शंभर करा." संत म्हटल्यावर टाळ पाहिजेत, असं दुसऱ्या कुणाचं मत पडलं. सनई तर शुभच. बजाबाईंनी निरोप पाठवला, हलगीबिगर गानं म्हंजी मिठाबिगर आमटी. सर कुणालाच नको म्हणू शकले नाहीत. सगळं घालून झाल्यावर कुमारनं ट्रॅक वाजवला. एकाच गल्लीत लग्न, निवडणुकीची मिरवणूक आणि काकडआरती समोरासमोर आल्यासारखं वाटलं.

सावित्रम्मांनी तो शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाल्या, "यात माझं गाणं कुठाय री?"

त्यांनी एकेक वाद्य बाहेर काढलं, तांदळातले खडे काढावेत तसं. बासरी, टाळ आणि थोडी हलगी राहिली. कडव्यांच्या मध्ये मात्र व्हायोलिनांचा एक तुकडा ठेवावा लागला, कारण तो काढला तर अण्णा रुसले असते आणि अण्णा रुसले की संघाची सभा होते.

मधल्या काळात सभागृहाच्या कार्यालयानं गाण्यांची यादी मागितली. प्रत्येक गाण्यापुढं गीतकाराचं नाव आणि त्याची ना हरकत. सर आणि अण्णा खिडकीशी उभे राहिले. 

"गीतकार, अज्ञात संत," कारकुनानं वाचलं. "अज्ञात हे नाव की आडनाव?"

"त्यांचं नाव माहीत नाही," सर कुजबुजले.

"मग पोथी दाखवा."

"तिला वाळवी लागली."

हे दुसरं खोटं. पहिल्याला एकटं वाटू नये म्हणून माणसाकडून असं होतं.

अण्णांनी सूत्रं हाती घेतली. त्यांनी तोवर गाण्याचा अभ्यास केला होता. "ओ साहेब, हे चौदाव्या शतकातलं आहे. भाषाच सांगते. उंबरा म्हणजे देह. ऊन म्हणजे आत्मा. पाट म्हणजे योगासन. आणि भाकरी..." इथं ते जरा अडले. "भाकरी म्हणजे माया. संतांनी जिवंत समाधी घेतलीय."

"जिवंत?" कारकुनानं चष्मा काढला. "मग सही करायला काय हरकत आहे?"

बऱ्याच चर्चेनंतर ठरलं की, उद्या संत किंवा त्यांचा वारस तक्रार घेऊन आला तर त्याला समजावण्याची हमी कुणीतरी सज्जन माणसानं लेखी द्यावी. सरांनी ती दिली. आपण स्वतः येऊन स्वतःवर फिर्याद करणार नाही, अशी सही त्यांनी केली आणि तरीही मनात आलं, खात्री काय द्यावी?

तालमीत नवीनच संकट उभं राहिलं. पेटीवाला माणूस असतो, गाणाऱ्याची वाट बघतो. ट्रॅक कुणाची वाट बघत नाही. सावित्रम्मा श्वास घेईपर्यंत बासरी पुढं गेलेली असे.

"याला थांबायला सांगा की!" त्या चिडत.

"काकी, त्याला कान नसतात," कुमार म्हणाला. "तुमच्या कानात आपण खुणा भरू. एका बाजूला फक्त ताल आणि सूचना, ती बाजू तुमच्या येड कानात. दुसऱ्या बाजूला संगीत, ते सगळ्या हॉलला."

येड म्हणजे डावा. कानडीत एड, बोलताना येड. कुमारच्या तेलुगूतही येडम म्हणजे डावंच. त्या खोलीत तिघांना तो शब्द इतका घरचा होता की येड कान, येड बाजू, येड स्पीकर असं सर्रास चालू झालं. याला मराठीत काय म्हणतात, याचा विचार करायचं कुणाला कारण पडलं नाही.

आधी कुमारनंच सूचना भरल्या. पण तो ऐन वेळी "वकटी, रेंडू, मूडू" असं तेलुगूत मोजू लागला की सावित्रम्मांना हसू येई. "तुमीच बोला री," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुमचं कुजबुजणं मला सवयीचं आहे."

अशा रीतीनं कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, खाली कडक भाकरी चालू असताना, हत्तुरे सर मायक्रोफोनसमोर एकटेच बसले. कुमार बाहेर चहाला गेला होता. समोर कोणी नाही, कोणी बघत नाही, आणि आपण बोलायचं फक्त एका कानात. सरांना कधी नव्हे ते बोलावंसं वाटलं. खोटं त्यांना फार दिवस डाचत होतं. खरं समोरासमोर सांगायची छाती नव्हती. पण इथं एक सोय होती. सावित्रम्मांना ते कळेल भर मंचावर, गाणं चालू असताना. आणि गाता गाता बाईला भांडता येत नाही.

हिशेब बिनचूक वाटत होता. सर बोलले. कुमारनं परत येऊन न ऐकताच पेनड्राइव्हवर भरलं आणि सांगितलं, "हॉलमध्ये साउंडवाल्याला सांगा, येड बाजू लोकांसाठी बंद. तेवढं विसरू नका सर." त्याला स्वतःला दुसऱ्या दिवशी अक्कलकोटला लग्नात वाजवायचं होतं.

सर विसरले नाहीत. रात्रभर त्यांनी तेवढंच पाठ केलं.

साउंडवाला बिरुदेव दांडगा, शांत माणूस. तो सकाळपासून सभागृहात होता आणि सकाळपासूनच श्रीमंत अण्णाही तिथं होते. बेस वाढव, बेस कमी कर, ही वायर लाल का, हे बटण मी फिरवून बघू का. वीज मंडळातला माणूस वायर बघितली की हळवा होतो. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी सर बिरुदेवजवळ गेले. पाठ केलेलं वाक्य निम्मं मराठीत राहिलं, निम्मं घरच्या भाषेत गेलं.

"बिरुदेव, एक विनंती आहे. सावित्रीबाईंचं गाणं लागलं की येड तेवढं बंद ठेवा."

बिरुदेवनं त्यांच्याकडं एकदम आदरानं पाहिलं. 

"लोकांना एक अक्षर ऐकू जाता कामा नये," सर कुजबुजले. "माझ्या अब्रूचा प्रश्न आहे."

"सर, काय बी काळजी करू नगा. मी सकाळपास्नं त्याच इचारात हाय. पर म्हटलं, कुनीतरी मोठ्या मानसानं सांगाय पायजे."

इतक्या लवकर आपलं म्हणणं कुणाला पटल्याचा सरांना अनुभव नव्हता. ते समाधानानं चौथ्या रांगेत जाऊन बसले.

सावित्रम्मा आल्या. इरकल नेसलेल्या, डाव्या कानात वायर. श्रीमंत अण्णा बाजूला माइक घेऊन उभे राहिले. "आता आपण ऐकणार आहोत चौदाव्या शतकातल्या एका थोर..." आणि आवाज गेला. अण्णांचं तोंड हलत होतं, उजवा हात शतकं दाखवत होता, आत्मा आणि देह दोन बोटांनी वेगळे करून दाखवत होता, पण ऐकू काहीच येत नव्हतं. सभागृहाला वाटलं, हे मुद्दामच आहे. मागून टाळ्याही आल्या.

मग ट्रॅक सुरू झाला. टिक, टिक, टिक, टिक.

आणि सहाही स्पीकरमधून, छतापासून जमिनीपर्यंत, एक प्रचंड कुजबूज बाहेर पडली: "सावित्री, मी आहे. घाबरू नकोस."

लोकांनी माना वर करून स्पीकरकडं पाहिलं. सर खुर्चीतच गोठले.

"आता बासरी येईल," कुजबूज म्हणाली. बासरी आली. "तिच्या मागं धावू नकोस. श्वास घे. पोटातून. हं, म्हण."

सावित्रम्मांना काहीच वेगळं वाटलं नाही. त्यांच्या कानात जे यायला हवं होतं तेच येत होतं. त्यांनी डोळे मिटले आणि उंबऱ्याशी ऊन आलं. आवाज स्वच्छ, भाकरीच्या जाळासारखा तापलेला. पहिल्या दोन ओळींना लोक हसायचं विसरले.

"वा," कुजबूज म्हणाली, आणि सगळे हसले.

सर उठले. लोकांचे गुडघे ओलांडत ते मिक्सरकडं निघाले. तोवर पहिलं कडवं संपून दुसरं सुरू झालं होतं. "ही ओळ सावकाश घे," त्यांचाच आवाज त्यांच्या डोक्यावरून गेला, "ती जमायला मला पाऊण तास लागला."

सभागृहात चुळबुळ झाली. कुणाला लागला? संताला?

सर बिरुदेवपाशी पोचले. "येड! येड बंद करा!"

"बंदच हाय की सर!" बिरुदेवनं अभिमानानं मंचाकडं बोट केलं. "बगा, त्वांड हलतंय, आवाज न्हाय!"

सरांनी पाहिलं. श्रीमंत अण्णा मेलेल्या माइकवर थापा मारत कुणाला तरी खडसावत होते. सरांच्या डोक्यात तीन भाषा एकमेकींवर आपटल्या.

"अहो, डावी! डावी बाजू!"

"मंग डावी म्हनायचं की ओ! मला वाटलं, तुमी ह्या येड्याचं म्हनताय!"

बिरुदेवचा हात बटणाकडं जाणार, एवढ्यात कुजबुजीनं पुढचं सांगून टाकलं: "आणि ऐक. संतबिंत कोणी नाही. ती पोथी, ती वाळवी, सगळं मीच. गाणंही मीच केलं. तुझ्या चालीवर. रागावू नकोस, अजून दोन कडवी आहेत."

दुसरं कडवं संपलं. सावित्रम्मांनी डोळे उघडले.

सरांचा हिशेब खरोखर बिनचूक होता. गाता गाता बाईला भांडता येत नाही. पण दोन कडव्यांच्या मध्ये व्हायोलिनं होती, अण्णा रुसू नयेत म्हणून ठेवलेली, चांगली लांबलचक.

"अय्यो री!" सावित्रम्मा माइकवर कडाडल्या. "मग मी उदबत्त्या लावल्या त्या कुणाला? सोमवार धरले ते कुणाचे? उपाशी राहून मी तुमचे सोमवार धरले?"

"हो, हो," कुजबूज शांतपणे म्हणाली, "घरी गेल्यावर बोलू. आता तिसरं कडवं."

सभागृह कोसळलं. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ कवळी सांभाळत खाली वाकले. बिरुदेवनं पुन्हा बटणाकडं हात नेला तर चहूबाजूंनी ओरडा झाला, "राहू द्या! राहू द्या ते!" बजाबाई तर खुर्चीवर उभ्या राहिल्या होत्या. "ए बाबा, हात लावलास तर बग!"

सावित्रम्मा तिसरं कडवं रागानं गायल्या. तालमीत त्या गाण्याला जे कमी पडत होतं ते हेच होतं. हलगी प्रथमच हलगीसारखी वाटली. चौथ्या कडव्यापाशी येता येता राग कुठंतरी विरला, आणि त्या गाता गाता एकदा मिक्सरच्या दिशेनं बघून हसल्या.

"शेवटची ओळ," कुजबूज म्हणाली. "इथं मी काही बोलणार नाही. तू गा."

आणि खरंच कोणी काही बोललं नाही.

टाळ्या थांबेनात. "संतांना वर पाठवा!" बजाबाई ओरडल्या, आणि लोकांनी सरांना जवळजवळ उचलूनच मंचावर नेलं. बिरुदेवनं अण्णांचा माइक चालू केला. आपण चौदाव्या शतकात नेऊन बसवलेला माणूस समोर शर्टाचं बटण चाचपत उभा आहे, हे बघून अण्णा क्षणभर थबकले, पण अध्यक्ष माणूस. "मी भाषेवरून ओळखलंच होतं," ते म्हणाले. "तर या गीताचे कवी..."

"तुम्ही थांबा ओ अण्णा," सावित्रम्मा म्हणाल्या. त्यांनी आपला माइक नवऱ्याच्या तोंडापुढं धरला. "सांगा री. स्वतः सांगा."

"शिवयोगी हत्तुरे," सर म्हणाले. त्यांच्या मते ते ओरडले होते.

"ऐकू आलं न्हाय!" मागच्या रांगेतून आवाज आला.

सावित्रम्मांनी माइक आणखी जवळ नेला. कोपरानं त्यांना हलकेच ढोसलं. सरांनी श्वास घेतला, पोटातून.

"शिवयोगी हत्तुरे!"

सहाही स्पीकरमधून ते नाव इतक्या मोठ्यानं आलं की सर दचकले, आणि कुणी हाक मारली म्हणून त्यांनी मागं वळून पाहिलं.